खंडेनवमीनंतर गप्प झालेलं नाक

“कसला वास?” बाबांनी मला विचारलं तेव्हा त्यांच्या डाव्या हातात काडेपेटी होती आणि उजव्या हातात काडी.

मी दारात उभी होते. वास मला खाली जिन्यातच लागला होता. कुणाचा तरी सिलिंडर गळतोय असं वाटून मनातल्या मनात शेजाऱ्यांना चार शब्द सुनावतच मी वर चढले होते. दार उघडलं आणि वासाचा लोट अंगावर आला. ओट्यावर दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, नॉब तसाच उघडा, आणि तिथून दोन हातांवर बाबा खुर्चीत बसून कोथिंबीर निवडत होते. भाताचं आधण ठेवायला म्हणून ते नुकते उठले होते. मी धावत जाऊन त्यांच्या हातावर फटका मारला. बापाच्या हातावर मी आयुष्यात पहिल्यांदाच फटका मारला. काडी खाली पडली.

नॉब बंद केला, रेग्युलेटर काढला, खिडक्या उघडल्या, बाबांना दंडाला धरून गॅलरीत आणलं. बाबा माझ्याकडे बघतच होते. त्यांना खरोखर काही कळलं नव्हतं.

मग गॅलरीत उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. नगरला असताना स्कूटर घसरून पडले होते, डोक्याला मागून मार बसला होता. टाके निघाले, जखम भरली, पण वास गेला तो गेलाच. कांद्याचा नाही, हिंगाचा नाही, नाल्याचासुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले होते, आला तर येईल. तो आला नाही आणि बाबांनी कुणालाही सांगितलं नाही. आई त्याआधीच वारली होती. मी पुण्यात शिकत होते.

ज्या माणसाने उभी हयात खानावळ चालवली, आमटीत मीठ कमी आहे हे जो पातेल्यावरचं झाकण काढताच नाकाने सांगायचा, त्याला वास येत नव्हता. आणि मी त्याच्या हातचं रोज जेवत होते, वर “आज काय झकास झालंय” म्हणत होते. मी सुन्न झाले. त्याहून जास्त संतापले, कारण राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. मी नोकरी करत होते ती घरगुती गॅसचे अलार्म बनवणाऱ्या कारखान्यात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो इतका गडद असतो हे मला माहीत नव्हतं.

ही दोन हजार सहा-सात सालची गोष्ट. पुण्याजवळच्या महाळुंग्यात तेव्हा इमारती उगवायला नुकती सुरुवात झाली होती. आमच्या इमारतीतले अर्धे फ्लॅट रिकामेच होते. मी भाडं परवडतं म्हणून तिथे राहायचे आणि स्कूटीवरून नांदे, लवळे, पिरंगुट करत उरवड्याच्या कारखान्यात जायचे. बाबा नगरची खानावळ बंद करून माझ्याकडे आले होते. “तुझ्या हातचं खाऊन मरण्यापेक्षा मीच करतो,” म्हणाले होते. स्वयंपाकघर पहिल्या दिवसापासून त्यांचं झालं.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड आणि तिच्या टोकाला काचेच्या दाराची एक खोली. त्या खोलीला आम्ही लॅब म्हणायचो. मालक स्वतः पदार्थविज्ञान शिकलेले. आम्ही त्यांना सर म्हणायचो. अलार्मचा जीव असतो सेन्सरमध्ये. तो म्हणजे चिनीमातीची भाताच्या शितापेक्षा जरा मोठी नळी, वरून कथिलाच्या ऑक्साइडचा लेप, आत तापवायची तार. गॅस आला की लेपातून वीज जास्त वाहते आणि भोंगा वाजतो. कल्पना सोपी, पण आपल्या स्वयंपाकघरात तिचं हसं व्हायचं. फोडणी पडली की भोंगा, मिरचीचा ठसका उडाला की भोंगा, उदबत्ती लावली तरी भोंगा. लोक दोन दिवस सहन करायचे आणि तिसऱ्या दिवशी पिन काढून तिथे मोबाइल चार्ज करायचे.

यावर सरांनी दोन गोष्टी काढल्या होत्या. एक म्हणजे लेपाची भुकटी इतकी बारीक करायची की कण साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसू नयेत. कण जेवढे बारीक, तेवढी गॅसला बसायला जागा जास्त. ही झाली नॅनोची गोष्ट, आणि तिचं मला काही नवल वाटलं नाही. दुसरी मात्र ऐकून मी चाट पडले. लेपातली वीज कधीच स्थिर नसते. हवेतले रेणू कणांवर बसतात, उठतात, परत बसतात, आणि तेवढ्यानेही ती किंचित थरथरत राहते. तिला आम्ही नॉइज म्हणायचो. कॉलेजात मला शिकवलं होतं की नॉइज म्हणजे कचरा, तो गाळून टाकायचा. सर म्हणाले, गाळायचा नाही, ऐकायचा. सिलिंडरच्या गॅसची थरथर निराळी, फोडणीच्या धुराची निराळी. नुसतं किती वीज वाहते ते बघितलं तर दोन्ही सारखेच दिसतात. थरथर बघितली तर चोर वेगळा आणि पाहुणा वेगळा ओळखता येतो. एकदा त्यांनी ती थरथर मोठी करून स्पीकरवर लावली. पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी खरखर आली. मध्येच त्यांनी जरासा गॅस सोडला आणि खरखरीची चाल बदलली.

काडेपेटीच्या त्या प्रसंगानंतर मी सरांना सांगून आमच्या नव्या भुकटीचा एक सेन्सर घरी आणला. डब्यात बसवला, भोंगा जोडला, हिरवा दिवा लावला आणि सिलिंडरचा गॅस जड असतो म्हणून ओट्याखाली जमिनीलगत ठोकला. थरथर मोजायची यंत्रणा कपाटाएवढी होती, ती अर्थातच लॅबमध्येच राहिली. घरच्या डब्याला फक्त ओरडता यायचं. बाबांनी डबा बघितला आणि म्हणाले, “नाकापेक्षा मोती जड झालाय हा.” पण नाव पडलं ते नाकच.

मी अट घातली. नाक चालू आहे तोवर गॅस पेटवायचा. ज्या दिवशी नाक बंद पडेल त्या दिवसापासून शेगडी बंद, आणि दोन्ही वेळचा डबा बाहेरून. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना अंथरुणाला खिळायला सांगत होते. खानावळवाल्याने दुसऱ्याचा डबा खायचा. पण काडेपेटी दोघांनाही आठवत होती. ते “बरं” म्हणाले.

सुरुवातीला नाक अधूनमधून फोडणीलाही चिरकायचं. बाबा त्याला “गप रे, मोहरी आहे,” म्हणून दटावायचे आणि संध्याकाळी मला बातमी द्यायचे की आज लसणीला बोललं नाही, सुक्या मिरचीला बोललं. मी ते लॅबमध्ये जाऊन सांगायचे. वास नसलेला माणूस फोडण्या घालतोय आणि त्या फोडण्यांवरून आम्ही नाक सुधारतोय, याचं सरांना भारी कौतुक वाटायचं. बाबांना तर विचारूच नका. नोकरी मी करत होते, पण बोलायचे असे की कारखाना त्यांच्या जिवावर चाललाय.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, त्यांनी कारखान्यात येऊन शिरा करायचं स्वतःहून अंगावर घेतलं. उरवडे-पिरंगुटच्या पट्ट्यात खंडेनवमीला कुठल्याही शेडमध्ये जा, मशीनं न्हाऊनमाखून बसलेली असतात. आमच्याकडे साफसफाई आणि पॅकिंग करणाऱ्या एक मावशी होत्या, गावातल्याच, घरी शेळ्यामेंढ्या सांभाळून कामावर येणाऱ्या. त्यांनी सकाळपासून एकेक वस्तू घासून काढली. माल नेणाऱ्या टेम्पोवाल्याने गाडीचा डॅशबोर्ड चमकवायची दुधासारखी पॉलिश आणली होती, तीही त्यांनी सगळीकडे फिरवली. लॅबचं टेबल, मांडण्या, सेन्सर तपासायची काचेची पेटी, सगळं आरशासारखं झालं. झेंडूच्या माळा पडल्या, हळदकुंकू लागलं, सरांनी नारळ फोडला. बाबांचा शिरा दोनदा करावा लागला. निघताना त्यांनी मावशींकडून ती पॉलिश छोट्या बाटलीत थोडी मागून घेतली.

घरी येऊन त्यांनी पाटावर आपली हत्यारं मांडली. झारा, उलथणं, विळी, खलबत्ता, खानावळीतल्या दोन सुऱ्या. ज्याला अन्न लागतं त्याला पॉलिश लावायची नाही एवढं त्यांना कळत होतं, म्हणून ती सगळी मिक्सरला, वजनकाट्याला आणि नाकाला लागली. भिंतीवरच्या त्या डब्याला त्यांनी झेंडूचं फूल खोवलं आणि वाकून नमस्कार केला. बाबा देवालाही एवढं वाकत नाहीत. मला बघून भरून आलं.

त्यानंतर घर कसं शांत झालं. नाक फोडणीलाही चिरकेना, मिरचीलाही नाही. मला वाटलं, आमची भुकटी आता मुरली, नव्या नवरीसारखी घरात रुळली. बाबांचा रेडिओही बंद असायचा. एरवी तो सकाळपासून स्वयंपाकघरात कोकलत असायचा आणि त्यावरून आमचं भांडण ठरलेलं. मी विचारलं तर म्हणाले, कंटाळा आला त्या बडबडीचा. पंखाही बंद ठेवायचे. हवेत जरा गारवा यायला लागला होता म्हणून मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर ती शांतता मला आवडली होती.

कोजागिरी होऊन गेल्यावर आम्ही लॅबमध्ये नव्या सेन्सरांच्या थरथरीचं मोजमाप पुन्हा सुरू केलं. पडद्यावर रेघ आली आणि मी खुर्चीतून उठलेच. आधी जिथे गवतासारखे तुरे दिसायचे, तिथे रेघ जवळजवळ सपाट होती. कॉलेजातल्या माझ्या कुठल्याही मास्तराने ते बघून पेढे वाटले असते. मी हाक मारून सरांना बोलावलं.

सरांनी पडदा बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. “गॅस सोड,” एवढंच म्हणाले. मी पेटीत गॅस सोडला. रेघ हलली नाही. आणखी सोडला. नाही. दुसरा सेन्सर लावला, तिसरा लावला, आख्खी मांडणी झाली. हिरवे दिवे सगळ्यांचे लागत होते आणि एकालाही गॅस कळत नव्हता.

“हे शांत नाहीत, मेलेत,” सर म्हणाले.

लॅबमध्ये मधल्या काळात कोण काय घेऊन आलं, अशी चौकशी सुरू झाली. मावशी काचेच्या दाराशी झाडू घेऊन उभ्या होत्या. पेटी कुणी पुसली असं सरांनी विचारल्यावर त्या ताठ उभ्या राहिल्या. “मीच पुसली की. सणाला मशीन पारोशी ठिवायची व्हय? लई चकाकतीया, बघा तुमी.”

सर त्यांना रागावले नाहीत. पॉलिशची बाटली मागवून घेतली, मागचं बारीक अक्षर वाचलं आणि माझ्या हातात दिली. सिलिकॉन होतं. त्याची वाफ तापलेल्या लेपावर जाऊन बसते आणि तिथे तिची काचेसारखी पातळ साय धरते. त्या सायीखाली कण गुदमरतात. रेणूंना बसायला जागाच उरत नाही, मग थरथर कशाची होणार? आणि आमची नॅनो भुकटी तर सगळ्यात नाजूक. सर समजावून सांगत होते आणि मी बाटलीकडे बघत होते. तशीच पांढरी, दुधासारखी पॉलिश मी घरी बघितली होती. भिंतीवरचं झेंडूचं फूल मला दिसायला लागलं.

मी घरी फोन लावला. तो वाजत राहिला. परत लावला. परत वाजत राहिला. लॅबमधला गॅस भरलेला सिगारेटचा लायटर पिशवीत टाकला आणि स्कूटी काढली. लवळ्याच्या चढावर मला एवढंच सुचत होतं की दसऱ्यापासून रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी बाबांनी काडी ओढली आहे, आणि प्रत्येक वेळी हिरवा दिवा बघून ओढली आहे. नांद्याच्या पुढे रस्त्यावर मेंढरं आडवी आली. मेंढरांवर कुणी ओरडत नाही, पण मी ओरडले.

जिन्यात वास नव्हता. दार उघडलं तर स्वयंपाकघरात चिडीचूप. पंखा बंद, रेडिओ बंद. बाबा ओट्यावर ओणवे होऊन, डोकं आडवं करून, पेटत्या शेगडीच्या बाजूला कान लावून उभे होते. दूध तापत होतं. मला बघून त्यांनी बोटाने थांब अशी खूण केली. दूध वर आलं, त्यांनी नॉब बंद केला, बंद केल्यावरही जरा वेळ तसेच ऐकत राहिले आणि मग सरळ झाले. फोन ऐकू आला होता म्हणाले, पण दुधावरून कान काढता येत नव्हता.

मी खाली बसले आणि लायटरचा गॅस न पेटवता नाकाच्या जाळीवर धरला. हिरवा दिवा तसाच. भोंगा नाही.

“बाबा, हे मेलंय.”

“माहीत आहे,” बाबा म्हणाले.

मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली. पण ते खुर्चीत बसले आणि त्यांनी शांतपणे सांगितलं. नाक बसवलं त्या दिवसापासून रोज सकाळी, मी अंघोळीला गेले की ते न पेटवता नॉब जरासा उघडायचे. नाक ओरडलं की बंद करायचे, दार-खिडकी उघडून हवा जाऊ द्यायचे आणि मग चहा टाकायचे. जे आपल्याला कळत नाही ते ज्याला कळतं, त्याला रोज विचारून घ्यायला नको का? दसऱ्याच्या सकाळी त्यांनी तसाच नॉब उघडला आणि नाक ओरडलं नाही. म्हणून रेडिओ बंद झाला होता. म्हणून पंखा बंद झाला होता. गॅसची फूस ऐकू यावी म्हणून ते घरातले सगळे आवाज एकेक करून बंद करत गेले होते, आणि मी त्या शांततेत सुखाने जेवत होते.

“मग मला सांगितलं का नाही?” मी ओरडले. आवाज माझाच मला अनोळखी वाटला.

“सांगितलं असतं तर तू शेगडी बंद केली असतीस.”

“केलीच असती. मेला असतात तुम्ही.”

“नाक गेलं तेव्हा गप्प बसलो,” बाबा म्हणाले. “त्याच्याशिवाय भागवलं. आता ओट्यापाशीही उभं राहायचं नाही म्हटल्यावर मी इथे बसून करू काय?”

गॅसने मरण्याची भीती त्यांना होती, पण डबा खात बसण्याची भीती तिच्याहून मोठी होती, आणि दोन्ही तराजूत घालून त्यांनी रोज काडी ओढली होती. मी घातलेली अट त्यांनी तंतोतंत लक्षात ठेवली होती. म्हणूनच त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. हे कळल्यावर मी ओट्याला टेकून तिथेच फरशीवर बसून राहिले. बाबांनी माझ्यापुढे दुधाचा पेला ठेवला.

सरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, आपला अलार्म गॅस आला की ओरडतो, पण स्वतः मेला तर सांगत नाही; हे आधी बदलायला हवं. कपाटाएवढ्या यंत्रणेतलं नेमकं तेवढंच काढून आम्ही छोट्या पट्टीवर बसवलं. चोर-पाहुणा ओळखायचं राहू दे, नुसती थरथर आहे की नाही एवढं बघायचं. सेन्सर जिवंत आहे तोवर एक पिवळा दिवा त्या थरथरीबरोबर लुकलुकतो. थरथर थांबली की भोंगा. म्हणजे गॅस आला तरी ओरडायचं आणि फार शांत झालं तरी ओरडायचं. पॉलिशची बाटली सरांनी स्वतः गावाबाहेर नेऊन टाकली आणि पुढच्या खंडेनवमीपासून लॅबमध्ये फक्त ओलं फडकं आणि फूल. मावशींना ते अजिबात पटलं नाही. अजून पारोशीच म्हणायच्या त्या पेटीला.

घरी मी अट बदलली. विजेची एक शेगडी आणून ठेवली. नाक बंद पडलं तर मला सांगायचं आणि तेवढे दिवस हिच्यावर करायचं; स्वयंपाकघर तुमचंच. बाबांनी विजेच्या शेगडीकडे बघून तोंड वाकडं केलं, पण “बरं” म्हणाले, आणि हे “बरं” आधीच्या “बरं”सारखं नव्हतं.

नवा डबा ठोकल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळीला गेले नाही. मी इथेच उभी राहते म्हटलं, तुम्ही रोज काय करता ते मला बघू दे. बाबांनी खिडकी उघडली, काडेपेटी लांब बाहेरच्या खोलीत ठेवली, मग नॉब फिरवला. फूस सुरू झाली. पिवळा दिवा लुकलुकत होता. मला वास आला, बाबांना आला नाही. त्यांचे डोळे भिंतीवरच्या डब्याला खिळले होते आणि हात नॉबवर. फूस चालू होती, भोंगा वाजत नव्हता. काही क्षणांचीच गोष्ट, पण संपेना. मग भोंगा वाजला. बाबांनी नॉब बंद केला, मान हलवली आणि रेडिओ लावला.

दसऱ्याच्या सकाळीही ते असेच उभे असतील, नॉबवर हात ठेवून, भोंग्याची वाट बघत. त्या दिवशी तो वाजणारच नव्हता. नॉब बंद करायला त्यांना किती वेळ लागला, हे मी त्यांना कधीही विचारलं नाही.